पेठ वसविण्याचा शिरस्ता

शहराच्या मध्यभागी बाजार असावा, तेथे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत माणसांची वर्दळ असावी आणि शहराची भरभराट त्या वर्दळीवरून ओळखली जावी, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, हा बाजार कोणीतरी, केव्हातरी, काही विचाराने तेथे वसविला असेल अशी शंकाही सहसा मनास शिवत नाही. माणसे जमली म्हणजे दुकाने आपोआप लागतात, असाच सर्वसाधारण समज आहे. आठवडेबाजारापुरता तो काही अंशी खराही असेल. परंतु महाराष्ट्रातील ज्या शहरांच्या पेठा दोन-दोन, तीन-तीन शतके नांदत आल्या, त्यांची जुनी कागदपत्रे पाहू लागल्यास निराळेच चित्र दिसते. त्या पेठांमागे सरकारची सनद होती, व्यापाऱ्यांस दिलेला कौल होता, कौल पाळला जातो की नाही हे पाहणारे वतनदार होते, आणि वसाहतीचे फळ पदरात पडेपर्यंत काही वर्षे उत्पन्नावर पाणी सोडण्याची राज्यकर्त्यांची तयारी होती. पुणे शहराचा इतिहास हा या शिरस्त्याचा सर्वांत ठळक दाखला होय.

1630 च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे कसबा जाळून उद्ध्वस्त केला, हे सर्वश्रुत आहे. त्यानंतर काही वर्षांनी शहाजीराजांच्या जहागिरीचा कारभार दादोजी कोंडदेवांकडे आला, तेव्हा त्यांच्यापुढे पहिला प्रश्न होता तो परागंदा झालेल्या रयतेस परत आणण्याचा. त्यांनी अवलंबिलेला मार्ग पुढे दीड-दोनशे वर्षे महाराष्ट्रात रूढ राहिला. ओसाड जमीन लागवडीस आणणाऱ्याकडून पहिल्या वर्षी नाममात्र सारा घ्यावा, दरसाल तो थोडथोडा चढवावा आणि काही वर्षांनी पुऱ्या दरास आणावा, या पद्धतीस इस्तावा म्हणत. शेतास लागू केलेले हेच तत्त्व पुढे दुकानासही लागू झाले. ओसाड माळावर दुकान थाटणारा वाणी आणि ओसाड जमीन नांगरणारा कुणबी, दोघेही सारखीच जोखीम पत्करीत आहेत, तेव्हा सवलतही दोघांस सारखीच मिळाली पाहिजे, इतका साधा न्याय त्यात होता.

नव्या पेठेचा जो कौलनामा लिहून दिला जाई, त्यातील कलमे ध्यानात घेण्याजोगी आहेत. बाहेरून येणाऱ्या वाणी-उदम्यास घर-दुकानासाठी जागा मिळे. ठरावीक वर्षांपर्यंत मोहतर्फा, म्हणजे दुकानदार व कारागीर यांच्यावरील कर, माफ होई. जकातीत सूट मिळे. आणि वेठबेगारीतून मुक्तता मिळे. हे शेवटचे कलम आज आपणास किरकोळ वाटेल. परंतु सरकारी ओझे वाहण्यासाठी केव्हाही कामावरून उठविले जाण्याची टांगती तलवार ज्याच्या डोक्यावर आहे, तो तांबट किंवा साळी नव्या जागी आपली भट्टी अथवा माग मांडण्याचे धाडस करणार नाही, हे त्या काळच्या मुत्सद्द्यांस पुरते ठाऊक होते. जकातीची व्यवस्थाही तपशिलाची होती. माल जेथे भरला तेथे थळभरीत, जेथे विकला तेथे थळमोड, अशी तिची वर्गवारी असे. तेव्हा एखाद्या पेठेस थळमोडीत सूट देणे म्हणजे दूरच्या व्यापाऱ्यास ‘आपला माल इकडे आणून विका’ असे आवतण धाडण्यासारखेच होते.

कसब्याभोवती एकेक पेठ वाढत गेली तिचा क्रम पाहिला तर राजवटी बदलल्या तरी शिरस्ता बदलला नाही हे दिसून येते. आज शनिवार म्हणून ओळखली जाणारी पेठ मुर्तजाबाद होती. सोमवार शहापूर, मंगळवार अष्टापूर, रविवार मलकापूर, तर गुरुवार वेताळ पेठ या नावाने ओळखली जाई. 1703 मध्ये औरंगजेबाची छावणी पुण्यास पडली असता त्याचा नातू मुही-उल-मिल्लत हा येथे मरण पावला, आणि त्याच्या नावाने मुहियाबाद ही पेठ वसली. तीच पुढे बुधवार पेठ झाली. मोगल बादशहाने वसविलेली पेठ पेशव्यांनी मोडली नाही. उलट, शहराच्या सर्वांत गजबजलेल्या व्यापाराचे स्थान म्हणून ती त्यांच्याच काळात भरभराटीस आली. ज्या राज्यकर्त्यास जकातीचे महत्त्व कळते, तो आधीच्याचा बाजार उठवीत नाही.

1730 साली शनिवारवाड्याचा पाया घातला गेला आणि 1732 मध्ये वास्तुशांत होऊन थोरले बाजीराव तेथे राहावयास गेले, तेव्हापासून पुण्याचे रूप पालटू लागले. दरबार आला म्हणजे शिलेदार आले, कारकून आले, सावकार आले; त्यांच्यामागोमाग धान्य, कापड, भांडी, अत्तरे, दागिने यांची मागणी आली. ही मागणी आपली वाट आपण शोधील असे म्हणून पेशवे स्वस्थ बसले नाहीत. विसापूर या नावाने प्रथम ओळखल्या गेलेल्या शुक्रवार पेठेची वसाहत जिवाजीपंत खासगीवाले यांच्याकडे सोपविण्यात आली. करमाफी देऊन व्यापारी व कारागीर यांना तेथे बोलावण्याचे काम त्यांनी केले आणि पेठ वसली. एखाद्या मातबर गृहस्थाने पुढाकार घ्यावयाचा, सरकारने त्याच्या पाठीशी सनद घेऊन उभे राहावयाचे आणि पेठ वसल्यावर तिच्या उत्पन्नात त्याचा मानपान व हक्क कायम करून द्यावयाचा, ही रीत पुढील बहुतेक पेठांस लागू पडते.

या रीतीचा कणा म्हणजे शेटे-महाजनांचे वतन. गावगाड्यात पाटील-कुलकर्ण्यांचे जे स्थान, तेच पेठेत शेटे-महाजनांचे. कोणते दुकान कोठे बसावे, कोणास किती जागा द्यावी, बाजारबैठकीची पट्टी कशी वसूल करावी, वजने-मापे खरी आहेत की खोटी, उदम्याउदम्यांतील तंटा कसा तोडावा, हे सारे त्यांच्या माथी असे. मोबदल्यात त्यांस रोख वेतनाऐवजी हक्क मिळत. तेल्याकडून तेल, तांबोळ्याकडून पाने, वाण्याकडून सुपारी, आणि बाजारात आलेल्या धान्याच्या पाटीतून मूठ-दोन मुठी फसकी. वरवर पाहता ही लहानसहान वसुली जाचक वाटते, आणि पुष्कळदा ती जाचक झालीही असेल. परंतु तिच्यातील एक मर्म नजरेआड करता कामा नये. ज्याचे उत्पन्न दर दुकानामागे आहे, त्यास दुकान बंद पडणे परवडत नाही. पेठ ओस पडली तर शेट्याच्या घरची चूलही मंदावे. आणि हे वतन वंशपरंपरेने चालत असल्यामुळे त्याची दृष्टी चालू सालाच्या वसुलीपुरती मर्यादित राहत नसे. नातवाच्या हाती जी पेठ जावयाची, ती नांदती ठेवण्याकडे त्याचा स्वाभाविक कल असे.

शेटे-महाजनांच्या वर कोतवालाचा अंमल असे. चोरीचा बंदोबस्त हा त्याच्या कामाचा एक भाग झाला. पण रस्ते-गल्ल्यांवरील अतिक्रमणाचे आणि घरांच्या हद्दीचे तंटे, जिनसांच्या भावावर देखरेख, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद, ही कामेही त्याच्याच कचेरीत होत. दुकानाचे छप्पर रस्त्यावर किती हात यावे हा प्रश्न आज नगररचनाकाराकडे जातो. तेव्हा तो चावडीवर जाई आणि तेथल्या तेथे निकालात निघे. या अमर्याद अधिकाराचे दुसरे टोकही पुण्याने पाहिले. 1777 पासून कोतवालीवर असलेल्या घाशीराम सावळदासाच्या जुलमाने लोक इतके त्रासले की, 1791 मध्ये निरपराध ब्राह्मण त्याच्या कोठडीत गुदमरून मेल्याचे निमित्त होऊन संतप्त जमावाने त्याचा दगडांनी प्राण घेतला. बाजारावर अधिकारी हवा, पण त्या अधिकाऱ्यावरही कोणाचा तरी डोळा हवा, हा धडा पुण्यास फार महागात शिकावा लागला.

नुसत्या सनदेने मात्र पेठ जगत नाही. तिला पाणी लागते. मुठेच्या काठावरील कसब्यास नदी जवळ होती, पण दक्षिणेकडे व पूर्वेकडे पसरणाऱ्या नव्या पेठांस ती पुरेशी नव्हती. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत कात्रजला तलाव बांधून दगडी नळाने पाणी शहरात आणण्यात आले आणि ठिकठिकाणच्या हौदांत सोडण्यात आले. हे हौद वाड्यांत होते तसेच चव्हाट्यावरही होते, आणि ज्या चौकात हौद, त्या चौकात माणसांची दाटी हे ओघानेच आले. पाण्याची सोय आधी आणि वस्तीची अपेक्षा मागाहून, असा हा क्रम होता. हल्लीच्या वसाहतींत बहुधा इमारती आधी उभ्या राहतात आणि पाण्याचे टँकर मागाहून येतात, हे पाहता त्या क्रमाचे शहाणपण अधिकच जाणवते.

पाण्याइतकेच देवळाचेही महत्त्व होते. पुण्याचे सुभेदार नारो आप्पाजी खिरे यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तुळशीबागेत राममंदिराचे काम सुरू केले, आणि त्या देवळाच्या आवारात व भोवताली जो बाजार उभा राहिला, तो आजतागायत महाराष्ट्रातील बायकांच्या खरेदीचे माहेरघर होऊन राहिला आहे. देवदर्शनास निघालेल्या स्त्रीने परतताना कुंकू, बांगड्या, पूजेची उपकरणी, लहान मुलांची खेळणी घ्यावी, दुकानाच्या भाड्यातून देवाचा दिवाबत्तीचा खर्च भागावा आणि देवळाच्या गर्दीवर दुकानदाराचा चरितार्थ चालावा, अशी ही परस्परांस पोसणारी व्यवस्था होती. ज्या काळी घरंदाज स्त्रियांस एकटीने बाजारात हिंडणे दुष्कर होते, त्या काळी देवळाच्या निमित्ताने त्यांस मोकळेपणी वावरता येईल असा एक कोपरा शहराच्या ऐन मध्यावर निर्माण झाला, हेही काही लहान कार्य नव्हे.

एकाच धंद्याची माणसे एका आळीत राहत. कसब्यातील तांबट आळी, रविवारातील बोहरी आळी, बुरुडांची आळी ही नावे आजही चालू आहेत. गिऱ्हाइकास दहा दुकाने हिंडून भाव व जिन्नस पारखता येई, कारागिरास शेजाऱ्याकडून हत्यार उसने मिळे आणि खोटा माल विकणाऱ्याची चर्चा सांजेच्या आत साऱ्या आळीत होई. सवाई माधवरावांच्या काळात शहर पूर्वेकडे सरकले; नाना फडणीसांनी वसविलेली नाना पेठ, भवानीच्या देवळाभोवतालची भवानी पेठ, मिठाच्या व्यापाराची गंज पेठ, सरदारांच्या नावाच्या घोरपडे पेठ व रास्ते पेठ या त्याच विस्ताराच्या खुणा. सर्वच प्रयत्न सारखे सफळ झाले असे मात्र नाही. मुजफ्फरजंग पेठ किंवा नागेश पेठ ही नावे आज पुणेकरासही विचारून पाहावीत. ती कधी मोठी झालीच नाहीत. सनद होती, पण वाटेवरची जागा, पाणी आणि पाय रोवून बसलेला महाजन यांची जोड जेथे मिळाली नाही, तेथे कागदावरची पेठ कागदावरच राहिली.

या व्यवस्थेचे गुण गाताना तिच्यातील व्यंगावर पांघरूण घालणे अप्रामाणिकपणाचे होईल. पेठेचा कौल ज्यांस मिळे ते वाणी, उदमी, सावकार, कारागीर होते. ज्यांच्या श्रमावर शहर स्वच्छ राही व ज्यांच्या हातचे चामडे, दोर, केरसुण्या बाजारात विकल्या जात, त्या अस्पृश्य समाजास वस्ती मिळे ती कडेला, आणि चव्हाट्यावरच्या हौदास हात लावण्याची त्यास मुभा नव्हती. गंज पेठेत राहणारे ज्योतिराव फुले यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला, ही घटना सामाजिक सुधारणेच्या इतिहासात नोंदली गेली आहे. ती नगररचनेच्या इतिहासातही नोंदली गेली पाहिजे. कारण शहरातील सार्वजनिक जागा कोणाची, हा प्रश्न पेठांच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या कारभारात कोणी विचारला नव्हता, तो त्या एका हौदाने विचारला. त्या पेठेस आज महात्मा फुले पेठ हे नाव आहे.

1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि पुण्याच्या पेठांवर अवकळा आली. दरबार गेला, सरदार आपापल्या जहागिरीस गेले, सावकारांचे देणेकरी नाहीसे झाले. शहराच्या पूर्वेस इंग्रजांचा लष्करी तळ पडला आणि त्याबरोबर सदर बाजार उभा राहिला. या बाजाराचे कायदे निराळे, गिऱ्हाईक निराळे आणि दुकानदारही पुष्कळसे निराळे. पारशी, बोहरी व नंतर इराणी मंडळींनी तेथे आपला जम बसविला. एकाच शहरात दोन बाजार, आणि त्या दोहोंत व्यवहारापेक्षा अंतरच अधिक, अशी स्थिती पुढे कित्येक दशके राहिली. 1858 मध्ये पुण्यास आगगाडी आली तेव्हा मात्र पेठांचे दैव थोडे उघडले. स्टेशन पूर्वेकडे असल्याने भवानी व नाना पेठेतील घाऊक व्यापारास ते सोयीचे झाले, आणि गूळ, भुसार, किराणा यांचे मोठे आडते तेथेच स्थिरावले. गुलटेकडीस मार्केट यार्ड झाल्यावर हा घाऊक व्यापार तेथून हलला. परंतु त्या पेठांतील रुंद दारांची वखारवजा दुकाने अजून त्या दिवसांची साक्ष देतात.

पेठेतील शेटे-महाजनांचा अधिकार मावळला आणि त्यांच्या जागी नगरपालिका आली. तिच्या अमदानीतील सर्वांत मोठे काम म्हणजे मंडई. तोपर्यंत भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात उघड्यावर भरत असे. तो हलवून शुक्रवार पेठेत पक्की इमारत बांधावी असे ठरले, तेव्हा नगरपालिकेचे सभासद असलेल्या ज्योतिराव फुल्यांनी त्या खर्चास विरोध केला. गोरगरिबांच्या शिक्षणाची आबाळ होत असता इमारतीवर पैसा ओतणे त्यांस मान्य नव्हते. इमारत झालीच. 1886 मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले आणि तिला रे मार्केट हे नाव मिळाले. मध्यभागी उंच अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून किरणांसारख्या फुटणाऱ्या पाखा, अशी तिची रचना आहे. चोहोबाजूंनी माल आत येतो आणि गिऱ्हाईक कोणत्याही दिशेने आले तरी मध्यावर पोहोचते. 1924 मध्ये पंडित मोतीलाल नेहरूंच्या हस्ते तेथे लोकमान्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, आणि भाजी घेण्याचे ठिकाण हे राजकारण बोलण्याचेही ठिकाण झाले. ‘मंडई विद्यापीठ’ हा पुणेरी शब्दप्रयोग उगाच रूढ झालेला नाही. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने या मंडईस महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. ज्या इमारतीच्या खर्चास त्यांनी विरोध केला, तीच आज त्यांच्या नावाने ओळखली जाते, हा इतिहासाचा एक विलक्षण योग होय. पण विरोध व्यर्थ होता असेही नाही. सार्वजनिक पैसा बाजारावर खर्च करताना त्याचा लाभ कोणास पोहोचतो, हा त्यांचा सवाल आजही प्रत्येक नगरपालिकेच्या सभेत विचारला गेला पाहिजे.

जुना शिरस्ता पेशवाईबरोबर संपला असे समजू नये. कोल्हापूरचे शाहू छत्रपती यांनी 1895 मध्ये गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी ही पेठ वसविली आणि त्यायोगे कोल्हापुरी गुळास हक्काची बाजारपेठ मिळाली. 1917 मध्ये आपल्या जनकपित्याच्या नावाने जयसिंगपूर हे नवे गाव त्यांनी सरळ, काटकोनी रस्त्यांवर आखून घेतले. गूळ शेतकऱ्याच्या गुऱ्हाळातून निघून दूरच्या शहरी जाईपर्यंत त्यास मध्ये कोठे तरी तोल, भाव आणि सावली मिळाली पाहिजे, हा विचार त्या योजनेत आहे. आखणी नव्या धर्तीची, पण पेठेच्या पाठीशी राज्यकर्त्याने स्वतः उभे राहण्याची वृत्ती जुनीच.

त्याच सुमारास, 1915 मध्ये, मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. हिंदुस्थानातील तो या प्रकारचा पहिला कायदा. त्याच वर्षी स्कॉटिश विद्वान पॅट्रिक गेडिस यांनी ठाणे, वांद्रे, सुरत, अहमदाबाद आदी गावांविषयी आपले अहवाल सादर केले. पुढे 1919 मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे अध्यापक झाले. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यापेक्षा तिच्यात शक्य तितकी कमी काटछाट करून तिचा प्राण राखावा, हा त्यांचा आग्रह होता. परंतु पुढील काळात अंमलबजावणी झाली ती बहुतांशी त्याच्या उलट. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूस संरक्षण मिळाले, ते त्या वेळी आवश्यकही होते. पण भाडे जागच्या जागी गोठल्यामुळे जुन्या वाड्यांची डागडुजी करणे मालकास परवडेनासे झाले, आणि वाडे एकामागून एक खचू लागले. 1961 च्या जुलैत पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांचे होत्याचे नव्हते झाले. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमान्वये विकास आराखड्यांचे पर्व दृढ झाले; नकाशावर निवासी विभागास एक रंग, व्यापारी विभागास दुसरा, आणि भाजीबाजारासाठी आरक्षण म्हणून एखादा चौकोन.

या चौकोनांचे पुढे काय होते, हे कोणत्याही वाढत्या शहराच्या उपनगरात जाऊन पाहावे. आरक्षित भूखंडावर नगरपालिका मंडई बांधते, गाळ्यांचा लिलाव करते आणि पहिल्या महिन्यापासून पूर्ण भाडे मागते. भाजीवाली मात्र त्या इमारतीच्या बाहेर, जेथून माणसे घरी परततात त्या वाटेवर, पाटी मांडून बसते, आणि गाळे कुलूपबंद राहतात. मग अतिक्रमण पथक येते, पाट्या उचलल्या जातात, आठवड्याने पुन्हा मांडल्या जातात. यात दोष भाजीवालीचा नाही. तिला जागा वाटेवरची हवी, धंदा बसेपर्यंत भाड्यात सूट हवी, प्यायला पाणी हवे आणि तंटा तोडणारे जवळचे कोणीतरी हवे; यांपैकी एकही गोष्ट तिला त्या चौकोनात मिळत नाही. जुन्या कौलनाम्यात या चारही गोष्टी लिहिलेल्या वा गृहीत धरलेल्या असत.

शेटे-महाजनांचे वतन पुन्हा उभे करावे असे कोणी शहाणा म्हणणार नाही. फसकी गेली हे बरेच झाले, आणि हौद सर्वांस खुला झाला हे त्याहून बरे झाले. परंतु नवी मंडई बांधताना इस्ताव्याच्या धर्तीवर पहिली काही वर्षे भाडे नाममात्र ठेवून पुढे क्रमाक्रमाने चढविण्यास कोणता कायदा आड येतो? बाजाराचा दैनंदिन कारभार तेथेच बसणाऱ्या विक्रेत्यांच्या निवडलेल्या पंचांकडे सोपवून त्यांच्यावर नगरपालिकेने देखरेख ठेवण्यास काय हरकत आहे? जागा निवडण्यापूर्वी माणसांच्या पायवाटा कोठून जातात हे पाहण्यास तर पैसाही लागत नाही. आराखडे तयार करणाऱ्या अधिकाऱ्यांनी परदेशी शहरांचे नमुने अवश्य पाहावेत. पण त्याआधी पुण्याच्या पेशवे दफ्तरातील पेठांचे कागद एकदा उघडून वाचावेत, एवढीच त्यांस विनंती आहे.